तिकीट खिडकीवर तुम्ही कोण?

अजिंठ्याच्या लेण्यांचं तिकीट भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बँकॉकहून आलेल्या थाई पर्यटकालाही तिथे ४० रुपयेच पडतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. थायलंड ‘बिमस्टेक’ या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात आहे आणि आपलं पुरातत्त्व खातं सार्क व बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लावतं. उलट दिशेने मात्र ही सवलत नाही. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये थाई माणसाला प्रवेश फुकट आणि जळगावहून गेलेल्या माणसाला ५०० बाट. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये, तेव्हा गुणाकार करून बघा.

यात ‘लूट’ शोधण्याआधी खिडकीवरचा माणूस नेमकं काय विचारतोय ते कळायला हवं. तुमच्या खिशात किती आहे, हे तो विचारतच नाही. काही ठिकाणी तो विचारतो, पासपोर्ट कोणत्या देशाचा? काही ठिकाणी विचारतो, राहता कुठे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो. कोविडच्या काळात त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली: गेले १४ दिवस तुम्ही कुठे होता? त्या दोन वर्षांत ज्यांची फजिती झाली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि समोरचा विचारत होता तिसरा.

दोन दर टिकतात कुठे

दुहेरी दराचं समर्थन सहसा करावरून होतं. राष्ट्रीय उद्यान किंवा किल्ला सांभाळायला जो पैसा लागतो, त्यातला मोठा वाटा स्थानिक माणूस करातून आधीच देतो, मग दारात त्याच्याकडून पुन्हा तेवढेच का घ्यायचे? मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा निव्वळ धंद्याचा आहे. विमानाचं भाडं आणि हॉटेल मिळून पन्नास हजार खर्चून आलेला माणूस चारशे बाटसाठी दारातून परत फिरत नाही. गावातला माणूस फिरतो, कारण तो पुढच्या रविवारीही येऊ शकतो.

मग चहा दोन दरांनी का विकत नाहीत? कारण स्थानिक मित्र स्वस्तात दोन कप घेऊन तुम्हाला एक देऊ शकतो. ज्या वस्तूचा हात बदलता येतो तिथे दोन दर फार काळ टिकत नाहीत. टिकतात ते जिथे प्रत्येकाला स्वतः दारातून जावं लागतं आणि दारात ओळखपत्र बघता येतं: संग्रहालय, उद्यान, रुग्णालय, विमान. नेपाळमध्ये देशांतर्गत विमानाचं भाडं नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी असं तीन प्रकारचं असतं ते याचमुळे. तिकिटावर नाव असतं आणि विमानतळावर ते तपासलं जातं. ऑनलाइन बुकिंग करताना चुकून (किंवा न चुकता) स्थानिकांचं स्वस्त तिकीट घेतलं, तर दारात ओळखपत्र मागतात, फरक भरायला लावतात किंवा तिकीटच रद्द धरतात. पैसे परत मिळतील अशा भरवशावर राहू नये.

एकाच तिकिटात दोन वेगळ्या संस्थांचे पैसे असले की आकडे चमत्कारिक दिसतात. ताजमहालाचा दर भारतीयाला ५०, परदेशी माणसाला १,१०० आणि सार्क-बिमस्टेकवाल्याला ५४० असा तीन पायऱ्यांचा आहे. कारण पुरातत्त्व खात्याचे ४० किंवा ६०० रुपये वेगळे आणि आग्रा विकास प्राधिकरणाचे १० किंवा ५०० वेगळे. थाई पर्यटक पहिल्या संस्थेसाठी भारतीय आणि दुसरीसाठी परदेशी, म्हणून ४० अधिक ५००. मुख्य कबरीपर्यंत जायचे २०० रुपये मात्र सगळ्यांना वरून.

थायलंड: पाटीवरचे आकडे

थायलंडमध्ये दुहेरी दर लपवलेला नाही, पण तो वाचता येईलच असंही नाही. पाटीवर परदेशी दर नेहमीच्या इंग्रजी आकड्यांत असतो आणि स्थानिकांचा दर बऱ्याचदा थाई आकड्यांत. थाई शून्य आपल्यासारखंच गोल असतं, आणि त्याला ते म्हणतातही ‘सून’, म्हणजे आपलाच ‘शून्य’. बाकीचे आकडे मात्र वळणावळणांचे असल्याने नवख्याला ती नक्षी वाटते.

खाओ याई राष्ट्रीय उद्यानात परदेशी प्रौढाला ४०० बाट, मुलाला २००. थाई प्रौढाला ४०, मुलाला २०. म्हणजे दहापट. सिमिलान बेटांवर ५०० आणि १००, म्हणजे पाचपट. वाट फो या मंदिरात परदेशी माणसाला ३०० बाट आणि थाई माणसाला फुकट. बँकॉकमधल्या टॅक्सीचा मीटर आणि उन्नत रेल्वेचं साधं तिकीट यांत मात्र असा भेद नाही. म्हणून टॅक्सीवाला मीटर न टाकता रक्कम सांगू लागला, तर त्याला ‘परदेशी दर’ समजू नका. ती नुसती घासाघीस आहे, खाली उतरून दुसरी टॅक्सी बघा.

सर्वांत जास्त वाद होतो तो बोटीच्या सहलीत. फुकेत किंवा क्राबीहून बेटांवर नेणाऱ्या सहलीच्या जाहिरातीत जेवण, पोहण्याचा चष्मा, हॉटेलातून ने-आण सगळं असतं, आणि धक्क्यावर पोचल्यावर उद्यानाचे ४०० बाट रोख वेगळे मागतात. चार जणांच्या कुटुंबाला हा फटका छोटा नाही. पैसे देण्याआधी ‘राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क धरून की सोडून?’ एवढं विचारायचं आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यायचं. उद्यानाची पावती दिवस संपेपर्यंत जपून ठेवायची, कारण एकाच उद्यानात दोन-तीन ठिकाणी तपासणी असू शकते.

थायलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांचा प्रश्न अधिक अवघड. कर थायलंडला भरतो, मग आम्ही स्थानिक नाही का? सरकारी उद्यानांचा नियम नागरिकत्व विचारतो, रहिवास नाही. तरीही वर्क परमिट, थाई वाहन परवाना किंवा परदेशी रहिवाशांना मिळणारं गुलाबी ओळखपत्र दाखवल्यावर काही खिडक्यांवर थाई दर लावतात. खाजगी मनोरंजन उद्यानं तर रहिवासी परदेशींसाठी मधला दरही ठेवतात. हा खिडकीवरच्या माणसाचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे. काल मिळाला म्हणून आज मिळेलच असं नाही, आणि आवाज चढवला तर नक्कीच मिळत नाही. गुलाबी ओळखपत्रासाठी आधी ‘पिवळं घरपुस्तक’, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या पत्त्याची सरकारी नोंदवही, लागतं. ते जिल्हा कार्यालयात मिळतं आणि त्यासाठी पासपोर्टचं प्रमाणित थाई भाषांतर, घरमालकाची संमती, साक्षीदार अशी जमवाजमव करावी लागते. नुसत्या तिकिटाच्या सवलतीसाठी एवढी यातायात परवडत नाही. बँक किंवा इतर सरकारी कामांसाठी ते हवंच असेल, तर सवलत वरकमाई.

रुग्णालयाचा दर हा यातला गंभीर भाग. थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी चार गट ठरवून दिले: थाई नागरिक, शेजारच्या लाओस, कंबोडिया, म्यानमार, व्हिएतनामचे नागरिक, नोकरी-शिक्षणासाठी राहणारे परदेशी, आणि पर्यटक व निवृत्त परदेशी. शेवटच्या गटाला सर्वांत चढा दर. म्हणजे सरकारी रुग्णालय आहे, स्वस्त असेल, हा अंदाज पर्यटकाने धरू नये. प्रवास विम्यात वैद्यकीय रक्कम किती आहे ते त्या हिशेबानेच बघावं. भाड्याच्या स्कूटरवरून पडल्यास विमा कंपनी आधी परवाना बघते. तुमच्याकडे दुचाकीला चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी.

दुसरा प्रश्न: राहता कुठे?

युरोपात नागरिकत्वावरून दर ठरवायला अडचण आहे. इटलीत काही सरकारी संग्रहालयांत आणि व्हेनिसच्या डोजेस पॅलेसमध्ये ज्येष्ठांना फुकट प्रवेश होता, पण फक्त इटालियन नागरिकांना किंवा त्या गावात राहणाऱ्यांना. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. पण हे संरक्षण युरोपीय संघातल्या लोकांसाठी. त्याबाहेरून येणाऱ्यांना जास्त दर लावायला पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाला कुणी अडवलं नाही. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पर्यटकांना तिथे ३२ युरो पडतात.

जपानचा हिमेजी किल्ला याच्या बरोबर उलट टोकाला. मार्च २०२६ पासून तिथे हिमेजी शहरातल्या रहिवाशाला १,००० येन आणि बाकी सगळ्यांना २,५००. ‘सगळ्यांना’ म्हणजे टोकियोतल्या जपानी माणसालाही. आधी परदेशी पर्यटकांपुरता चढा दर लावण्याची चर्चा होती, ती मागे पडली आणि हा मार्ग निघाला.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांनी २०२६ पासून तसंच केलं: वार्षिक पास रहिवाशाला ८० डॉलर, इतरांना २५०. पास नसेल तर गर्दीच्या अकरा उद्यानांत अनिवासी माणसामागे १०० डॉलर जादा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे पुण्याहून आई-बाबा आले की एकाच गाडीत दोन वर्गांचे प्रवासी बसलेले असतात. अशा वेळी प्रत्येक उद्यानाचे पैसे सुटे भरण्याआधी पासचा हिशेब मांडावा. दोन मोठी उद्यानं आणि दोन अनिवासी पाहुणे एवढ्यावरच जादा आकार ४०० डॉलरवर जातो.

तिसरा प्रश्न आणि बंद दारं

मार्च २०२० मध्ये जगातली दारं लागत गेली, तेव्हा पहिल्यांदा पासपोर्टच चालला. आपले ते आत, बाकीचे बाहेर. थायलंडने एप्रिलच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली. पुढे थाई नागरिकांना आणलं ते सरकारी खर्चाच्या विलगीकरणात. वर्क परमिट किंवा थाई जोडीदार असलेल्या परदेशींना काही महिन्यांनी परवानगी मिळाली ती स्वतःच्या खर्चाने, ठरावीक हॉटेलांत १४ रात्री. एकाच विमानातून उतरलेल्या दोघांचा दर पुन्हा वेगळा. सोबत दूतावासाचं प्रवेशपत्र, ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर, विमान प्रवासाला योग्य असल्याचा दाखला आणि कोविड धरून १ लाख डॉलरचा विमा.

१ जुलै २०२१ ला ‘फुकेत सँडबॉक्स’ सुरू झाला आणि प्रश्न बदलला. लस घेतलेल्या पर्यटकाला खोलीत कोंडून न घेता बेटावर १४ रात्री मोकळं फिरू द्यायचं, मधे तीन चाचण्या, मग बाकी देशात जायला परवानगी. अट अशी, की आधीचे २१ दिवस तुम्ही मान्य यादीतल्या देशात काढलेले असावेत. इथे पासपोर्ट नव्हे, मुक्काम मोजला जात होता. भारतीय पासपोर्टवर यादीतल्या देशात राहणारा माणूस पात्र, आणि युरोपीय पासपोर्टवर मुंबईत अडकलेला अपात्र.

या योजनेत खरं दुखणं पुढे यायचं. उतरल्यावरची चाचणी पॉझिटिव्ह आली, लक्षणं काहीच नसली, तरी रुग्णालयात किंवा रुग्णालयासारख्या हॉटेलात राहावं लागे. काही विमा कंपन्या म्हणत, लक्षणं नाहीत म्हणजे दाखल होणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं नव्हतं, बिल तुमचं तुम्ही भरा. दूतावासाला विम्याची फक्त रक्कम दिसे. ‘लक्षणं नसताना दाखल केल्यास खर्च मिळेल का’ हे पॉलिसीच्या आतल्या पानावर असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘टेस्ट अँड गो’ (उतरल्यावर चाचणी, ती निगेटिव्ह आली की पुढे मोकळं) आलं, ओमिक्रॉनमुळे २२ डिसेंबरला नवे अर्ज थांबले, १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा सुरू झाले. मे महिन्यात चाचणी गेली आणि १ जुलै २०२२ ला प्रवासाआधीची ऑनलाइन नोंदणीही गेली. विम्याची अट या प्रवासात १ लाखावरून ५० हजारांवर आणि शेवटी १० हजार डॉलरवर आली होती.

तिसऱ्या प्रश्नाने पासपोर्टलाही हरवल्याचं सर्वांत कडक उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. ३ ते १५ मे २०२१ या काळात, आधीच्या १४ दिवसांत भारतात असलेल्या कुणालाही ऑस्ट्रेलियात यायला बंदी होती, अगदी ऑस्ट्रेलियन नागरिकालाही. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. अमेरिकेने ४ मे २०२१ पासून तसाच १४ दिवसांचा नियम लावला, पण नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना वगळून. एच-वन-बी वर असलेले, आजारी आई-वडिलांना भेटायला महाराष्ट्रात आलेले लोक अडकले. काही जण तिसऱ्या देशात दोन आठवडे काढून मग अमेरिकेत शिरले. नियमाला ते चालत होतं. ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ पासून भारत लाल यादीत टाकला. आपल्या रहिवाशांना येऊ दिलं, पण हॉटेलातल्या विलगीकरणाचे माणशी १,७५० पौंड घेऊन.

ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, तर दोन प्रश्नांतला फरक अंगावरच आला. हे कार्ड दाखवून अजिंठ्याला भारतीयांच्या दरात जाता येतं. पण १३ मार्च २०२० पासून त्यावरची व्हिसाशिवाय येण्याची सोय स्थगित झाली. मे अखेरीस काही गटांना सूट मिळाली (कुटुंबातली तातडीची अडचण, भारतीय पालकांची अल्पवयीन मुलं, भारतीय जोडीदार), सरसकट सगळ्यांना ऑक्टोबरमध्ये. खिडकीवर भारतीय आणि दारात परदेशी, एकाच कार्डावर.

लस आली तरी कागद आडवे आलेच. पुण्यात बनलेल्या कोविशील्डचे ५० लाख डोस ब्रिटनने स्वतः मागवले होते. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात ती लस घेतलेल्यांना ब्रिटन ‘लस न घेतलेले’ धरत होतं. मुद्दा बाटलीतल्या लशीचा नव्हता, प्रमाणपत्राचा होता. आपल्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. ती नंतर कोविन अॅपवर घालायची सोय झाली. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना १० दिवसांचं विलगीकरण लावलं आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र मानलं. त्याआधी दोन डोसमधलं १२ ते १६ आठवड्यांचं अंतर परदेशी शिकायला निघालेल्यांना जाचत होतं. जून २०२१ मध्ये त्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली. पासपोर्ट क्रमांक प्रमाणपत्राला जोडावा लागे, आणि पासपोर्टवरचं नाव ‘पहिलं-वडिलांचं-आडनाव’ व आधारवरचं नुसतं ‘पहिलं-आडनाव’ असेल तर तिथेच गाडी अडे.

अडे ती परदेशात नव्हे, मुंबई विमानतळावरच. नियम मोडून प्रवासी नेला तर परत आणायचा खर्च आणि दंड विमान कंपनीवर पडतो. म्हणून चेक-इनचा माणूस ‘टिमॅटिक’ या माहितीसाठ्यात बघतो आणि तिथे जे लिहिलंय तेच खरं मानतो. दूतावासाच्या फोनवर कुणी काय सांगितलं याला तिथे किंमत नसते. ७२ तास नमुना दिल्यापासून मोजायचे की अहवालापासून, पहिल्या उड्डाणापर्यंत की शेवटच्या, हेही देशागणिक बदलत होतं. नागपूर-मुंबई-दुबई-लंडन असा प्रवास असेल तर या एका शब्दाने अहवाल शिळा ठरे. शिवाय विमान बदलायला थांबलेला देशही ‘गेल्या १४ दिवसांत’ मोजला जाऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये भारताने चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर लावली, ती त्या विमानतळांवर फक्त विमान बदलणाऱ्यांनाही.

दर आणि दार यांची सरळ गाठ पडली ती भूतानमध्ये. मार्च २०२० मध्ये पर्यटकांना बंद झालेला हा देश २३ सप्टेंबर २०२२ ला उघडला, तेव्हा भारतीयांना पहिल्यांदाच माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क लागू झालं होतं. इतर परदेशींना तेव्हा २०० डॉलर, सप्टेंबर २०२३ पासून १०० डॉलर. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. आई, बाबा आणि दहा वर्षांची मुलगी सहा रात्री राहिली तर रात्रीला ३,००० म्हणजे एकूण १८,००० रुपये, हॉटेल-जेवण सोडून. मोजतात त्या रात्री, दिवस नव्हेत.  प्रवेशाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालत नाही, आणि हे अनेकांना सीमेवर पोचल्यावर कळतं.